हौसेचा धर्मविचार

भारतीय धर्मचिंतनात कर्माचा जितका काटेकोर विचार झाला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या विषयाचा झाला असेल. तरीही माणसाच्या रोजच्या जगण्यातला एक मोठा भाग त्या विचाराच्या कडेलाच राहून गेलेला दिसतो. पोटासाठी केलेले काम आणि शास्त्राने सांगितलेले काम या दोहोंच्या मध्ये असे पुष्कळ काही असते की जे करायला कोणी सांगितलेले नसते, ज्यातून चरितार्थ चालत नाही, उलट पदरचे चार पैसे जातात, आणि तरीही माणसे ते वर्षानुवर्षे, घरच्यांना आणि मित्रांना बरोबर घेऊन, कामाइतक्याच निष्ठेने करीत असतात. याला कोणी हौस म्हणते, कोणी छंद म्हणते, कोल्हापूरकर नाद म्हणतात. या हौसेचे धर्मदृष्ट्या स्थान कोणते, ती साधनेच्या वाटेतली धोंड आहे, की साधनेचाच एक न ओळखला गेलेला प्रकार आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न कोल्हापूरच्या संदर्भात मांडायला कारण आहे. अंबाबाईच्या या क्षेत्रात आणि भोवतालच्या पंचगंगा, वारणा व कृष्णाकाठच्या गावांत वारकरी, जैन आणि लिंगायत या तीन परंपरा शेकडो वर्षे एकाच शिवारात नांदत आल्या आहेत. तिघींनीही गृहस्थाच्या कामाविषयी आपापला स्वतंत्र सिद्धांत मांडला आहे. आणि याच मातीत कुस्ती, फुटबॉल, गाणे, चित्रपट आणि जनावरे यांच्या हौसेचे प्रस्थ असे आहे की बाहेरच्या माणसाला त्यातला पोटापाण्याचा भाग कुठे संपतो आणि हौसेचा कुठे सुरू होतो हे चटकन सांगता येऊ नये. सिद्धांत आणि त्याला अडचणीत टाकणारे उदाहरण एकाच गल्लीत सापडावे, अशी सोय विचाराला नेहमी मिळत नाही.

मीमांसकांनी, म्हणजे वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनकारांनी, कर्माचे जे वर्ग केले त्यांत रोज करावयाचे ते नित्य, विशिष्ट प्रसंगी करावयाचे ते नैमित्तिक, फळाच्या इच्छेने करावयाचे ते काम्य आणि करू नये ते निषिद्ध अशी विभागणी आहे. पहाटे उठून तालमीत जोर मारणाऱ्या मुलाचे कर्म यांपैकी कशात बसवायचे? ते रोजचे आहे, पण विहित नाही. त्यात इच्छा आहे, पण स्वर्गाची किंवा संपत्तीची नाही. आणि ते निषिद्ध तर नाहीच. पुरुषार्थांच्या, म्हणजे माणसाने मिळवण्याजोग्या चार उद्दिष्टांच्या, चौकटीत ते 'काम' या पुरुषार्थात ढकलता येते, आणि वात्स्यायनाने चौसष्ट कलांना तिथेच जागा दिली असल्याने हे उत्तर शास्त्राला धरूनही आहे. मात्र त्याने फारसे काही उलगडत नाही. काम म्हणजे विषयाचा उपभोग, आणि हौसेतला मोठा भाग उपभोगापेक्षा कष्टाचाच असतो. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे मातीत उतरणे याला उपभोग म्हणणे म्हणजे भाषेवर अन्याय करण्यासारखे आहे.

गीतेकडे वळल्यावर प्रश्नाला धार येते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त फलाशा सोडून कर्म करीत राहणे हाच गीतेचा मुख्य उपदेश असल्याचे प्रतिपादन केले आणि त्या कर्माचे प्रयोजन म्हणून लोकसंग्रहावर, म्हणजे समाजाची घडी नीट राहील अशा आचरणावर, भर दिला. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जी जोड लागते तिला 'विकर्म' म्हटले आणि ही जोड मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही, असे सांगितले. हौसेच्या बाबतीत ही जोड आपसूकच मिळालेली असते. तिथे मन आणण्याचा प्रयत्न करावा लागत नाही, उलट ते तिथून काढून दुसरीकडे लावण्यासाठी आईवडिलांना प्रयत्न करावा लागतो. तेव्हा फळावाचून केलेले आणि मन ओतून केलेले कर्म म्हणून हौसेला निष्काम कर्माच्या पंगतीला बसवण्याचा मोह होतो. परंतु तसे करण्याआधी गीतेचा अठरावा अध्याय पाहावा लागतो, कारण तिथे परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचा आवाका यांपैकी कशाचाच विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस ठरवले आहे. फळाची इच्छा नसणे आणि फळाचा विचारच नसणे या दोन निराळ्या अवस्था आहेत, आणि हौशी माणूस बहुधा यांच्या सीमेवर उभा असतो.

वेदान्ताने या सीमेवर एक पूल बांधून ठेवला आहे, पण तो देवापुरताच. पूर्णकाम ब्रह्माला, म्हणजे ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही अशा तत्त्वाला, सृष्टी निर्माण करण्याचे प्रयोजन काय, या आक्षेपाला बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांनी 'लीला' हे उत्तर दिले आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी सर्व इच्छा तृप्त झालेल्या राजाच्या क्रीडेचा दाखला दिला. प्रयोजनावाचून घडणारी क्रिया नेहमीच अज्ञानाची असते असे नाही, हे येथे मान्य झाले. पण दिवसभर उसाची मोळी उचलून संध्याकाळी भजनाला बसणारा माणूस पूर्णकाम नसतो, आणि त्याची क्रीडा भरल्या पोटातून आलेली नसते. म्हणून लीलेचा सिद्धांत त्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो.

या साऱ्या ऊहापोहाला सर्वांत कठोर आणि म्हणूनच सर्वांत उपयोगी आव्हान जैन श्रावकाचाराने दिले आहे. श्रावकाचार म्हणजे संसारात राहणाऱ्या जैनांसाठी सांगितलेली आचारसंहिता. दक्षिण महाराष्ट्रातला जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी आहे, ही गोष्ट अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या परंपरेत लक्षणीय आहे, कारण नांगराच्या फाळाखाली जीव मरतात हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. जैन विचाराने येथे व्यवहार्य भेद केला आहे. मारण्याच्या उद्देशाने केलेली ती संकल्पी हिंसा. घरातले रांधणे, झाडणे यांत होणारी ती आरंभी. शेती, व्यापार यांत होणारी ती उद्योगी. आणि स्वतःच्या वा इतरांच्या रक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. यांपैकी पहिली गृहस्थालाही पूर्ण वर्ज्य आहे, उरलेल्या तीन मर्यादेने क्षम्य आहेत. कामाला अशी सवलत देणारा हा विचार बिनकामाच्या कृतीला मात्र मुळीच सवलत देत नाही. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडविरती, म्हणजे निष्प्रयोजन पापक्रियेपासून परावृत्त होण्याचे व्रत, सांगितले आहे आणि अनर्थदंडाचे पाच प्रकार दिले आहेत: पापाचा उपदेश करणे, हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, दुसऱ्याचे वाईट चिंतणे, मन बिघडवणाऱ्या कथा ऐकणे आणि प्रमादचर्या. शेवटचा प्रकार येथे महत्त्वाचा आहे, कारण प्रमादचर्या म्हणजे कारण नसताना माती उकरणे, पाणी सांडणे, आग पेटवणे, झाडपाला तोडणे, उगाच भटकणे. शेतकऱ्याने पिकासाठी माती उकरली तर ती उद्योगी हिंसा आणि क्षम्य; तीच माती रोज पहाटे कोणी तालमीच्या हौद्यात उकरली तर तिला काय म्हणायचे?

गीता सांगते की फळाची आस धरून कर्म करू नका, आणि समंतभद्र सांगतात की प्रयोजनावाचून कर्म करू नका. वरवर पाहता या दोन आज्ञा परस्परविरोधी वाटतात, पण विचारान्ती त्यांचा रोख एकाच ठिकाणी आहे. दोघांनाही कर्त्याचा 'मी' मोकाट सुटण्याची भीती वाटते. एकाला तो फळाच्या रूपाने वाढेल असे वाटते, दुसऱ्याला तो लहरीच्या रूपाने वाढेल असे वाटते. हौसेची परीक्षा म्हणूनच ती उपयोगी आहे की निरुपयोगी या कसोटीने करता येत नाही. तिच्यात 'मी'चे काय होते, ही खरी कसोटी आहे, आणि ती लावून पाहण्यासाठी एकट्याने जोपासलेल्या छंदापेक्षा चारचौघांत चाललेली हौस अधिक बोलकी ठरते.

कोल्हापूरच्या तालमी यासाठी जवळून पाहण्याजोग्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या आश्रयाची खूण म्हणून 1912 साली तयार झालेल्या खासबाग मैदानाकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. तरी कुस्तीचा रोजचा संसार मैदानावर चालत नाही, तो गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींच्या आत चालतो. तिथली लाल माती ही नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवलेली असते, आणि ती भुसभुशीत राहावी म्हणून पैलवान रोज ती फावड्याने खालवर करतात, जे स्वतःच व्यायामाचा भाग असते. कोनाड्यात मारुती असतो. हौद्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळी लावला जातो. त्यानंतर जे चालते ते एकट्याला करताच येत नाही. जोर आणि बैठका एकट्याने मारता येतात, पण लढतीला जोड लागतो, आणि आपल्या अंगात जे बळ येते ते समोरच्याने आपल्याला अडवले म्हणूनच येते. थोरला पैलवान धाकट्याला खेळवतो तेव्हा तो मुद्दाम आपले अंग त्याच्या हवाली करतो, डाव बसू देतो, मग तो कसा सोडवायचा ते दाखवतो. कडेला उभा असलेला वस्ताद, म्हणजे तालमीचा गुरू, एखाद्या शब्दाने पकड सैल करायला लावतो. या सकाळअखेर जे बळ तयार झाले ते कोणाचे, याचा हिशेब मांडू गेल्यास तो लागत नाही.

फलत्यागाच्या चर्चेत या निरीक्षणाला स्थान मिळायला हवे होते, असे म्हणावेसे वाटते. भाष्यकारांनी फळ सोडण्याचे जे उपाय सांगितले, आत्मज्ञानाने सोडावे, ईश्वरार्पण करावे, कर्तव्यबुद्धीने सोडावे, ते सर्व एकेकट्या साधकाच्या अंतःकरणात घडणारे आहेत, आणि म्हणूनच अवघड आहेत. सोबतीने केलेल्या हौसेत एक निराळाच, बाहेरून घडणारा प्रकार दिसतो: फळ अशा रीतीने गुंतलेले असते की ते कोणा एकाला उचलून नेता येत नाही, आणि ते सोडण्याचा निश्चय करण्याआधीच ते हातातून सुटलेले असते. या सुटण्याला वैराग्य म्हणता येणार नाही, हे मान्य. परंतु वैराग्याला जी गोष्ट अभ्यासाने साधायची असते तिची सवय माणसाला येथे नकळत लागते.

हौस आणि विहित कर्म एकमेकांत किती बेमालूम मिसळतात हे आषाढात दिसते. पंचगंगेला नवे पाणी आले की आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी पेठापेठांतून, तालमी-मंडळांतून लोक ते पाणी घेऊन पी-ढबाक वाद्यांच्या तालावर त्र्यंबोलीच्या टेकडीकडे निघतात आणि देवीच्या पायऱ्यांवर ओततात. मीमांसकाच्या दृष्टीने हे नैमित्तिक कर्म झाले. पण वाजंत्री कोणाची, पुढे नाचायचे कोणी, रात्री मटणाचा रस्सा कोणाच्या परड्यात शिजवायचा, या गोष्टींत जी चुरस असते ती विधीत कुठेही सांगितलेली नाही, आणि ती काढून टाकली तर यात्राही उरणार नाही. ज्या तालमीत मारुती असतो त्याच तालमीत मोहरममध्ये पंजे बसतात, ही शहराच्या अनेक पेठांतली जुनी रीत आहे. बाबूजमाल दर्ग्याच्या पंज्याला जाणाऱ्यांत सर्व जातींचे लोक असतात, आणि 2018 व 2019 साली गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळी आले तेव्हा एका मांडवात दोघांची सोय करणे कोणाला नवलाचे वाटले नाही. शेजारच्या कुरुंदवाडात तर मशिदीत गणपती बसवण्याची प्रथा आहे. धर्मसमन्वयाचा एवढा व्यवहार एखाद्या परिषदेच्या ठरावातून निपजला असता का, याची शंका घेण्यास जागा आहे. तो एकत्र जोर मारणाऱ्या, एकत्र वर्गणी मागणाऱ्या माणसांच्या सवयीतून आला आहे.

येथपर्यंतचे विवेचन हौसेच्या बाजूने झुकलेले आहे, आणि त्याला जैन दर्शनाचीच दुसरी एक व्याख्या अडवते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंचा संचय अशी न करता मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची आसक्ती, अशी केली आहे. या व्याख्येप्रमाणे 'माझे' सुटून 'आमचे' आले तरी परिग्रह संपत नाही, तो फक्त मोठ्या भांड्यात ओतला जातो. कोल्हापूरच्या फुटबॉलकडे पाहिले तर हे पटते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नावांचे संघ मुळात तालमींचेच, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने पाहायला पेठाच्या पेठा लोटतात. पण एका पेठेच्या झेंड्यापायी दुसऱ्या पेठेतल्या पोरांशी प्रेक्षकांची हाणामारी होण्याचे प्रसंगही या शहराने पाहिले आहेत. ज्या खेळाडूला गोल कोणाच्या पासवर झाला याचे सोयरसुतक नसते, त्याच्याच समर्थकाला तो कोणत्या पेठेचा झाला याचे फार असते. एकाचा अहंकार विरघळवणारी सोबत पन्नासांचा मिळून एक नवा अहंकार घडवू शकते, आणि तो अधिक घातक, कारण त्याची लाज कोणा एकाला वाटत नाही.

फळ मोठे झाले की काय होते, याचे उदाहरण याच शहराच्या चित्रपटाच्या इतिहासात आहे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चलच्चित्राच्या नादाला लागले. चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच 1916 साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी, ज्यांना पुढे सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखू लागला, सोबत्यांच्या मदतीने कॅमेरा घरीच तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 साली 'सैरंध्री' दाखवला. त्या सोबत्यांतले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे दोघे तर एकमेकांचे आयुष्यभराचे जोडीदार ठरले. मात्र 1929 साली याच सोबत्यांनी बाहेर पडून कोल्हापुरातच प्रभात कंपनीची स्थापना केली आणि तिचेही भागीदार पुढे पांगले. सर्जनाच्या ओढीने जमलेली माणसे मिळकतीच्या हिशेबावर किंवा श्रेयाच्या वाटणीवर तुटतात, हे जगात सर्वत्र घडते. त्यातून दामले आणि फत्तेलाल यांची जोडी मात्र टिकली, आणि एका हिंदू व एका मुसलमान कारागिराने मिळून 1936 साली पुण्याच्या प्रभातमध्ये 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, ही घटना प्रस्तुत प्रश्नाला फार जवळची आहे. त्या चित्रपटात तुकारामांइतकेच वजन त्यांच्या पत्नीला मिळाले आहे. पतीच्या भजनापायी चुलीत काय घालायचे, हा तिचा सवाल दिग्दर्शकांनी हसण्यावारी नेलेला नाही.

तो सवाल हौसेच्या संपूर्ण सिद्धांताला लागू होतो. पुरुषांची मंडळी तालमीत, मैदानावर, भजनात किंवा परड्यात रस्सा शिजवण्यात रमलेली असतात तेव्हा घरातले दळण, पाणी, पोरे आणि म्हातारी माणसे कोणीतरी एकटीने सांभाळलेली असतात. सोबतीची हौस अशा रीतीने पुष्कळदा सोबतीवाचून केलेल्या कष्टांवर उभी राहते. वारकरी परंपरेला याची जाणीव होती, असे जनाबाईच्या नावावरचे अभंग वाचताना वाटते. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या या स्त्रीबरोबर विठ्ठल जात्यावर बसतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो. सावता माळ्याच्या मळ्यात किंवा गोरा कुंभाराच्या चाकावर देव सापडला, यात कामाचा गौरव आहे. जनाबाईच्या बाबतीत देवाला प्रत्यक्ष कामाला हात लावावा लागला, कारण खुंट्याला दुसरा हात लावणारे माणूस घरात नव्हते. भक्तांनी या अभंगांत देवाचे वात्सल्य पाहिले ते योग्यच, तथापि त्यांत घरातल्या माणसांवर एक ठपकाही आहे, आणि तो वाचायचे बहुतेक निरूपणकारांनी टाळले आहे.

तिसरी, म्हणजे लिंगायत, परंपरा येथे उपयोगी पडते. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, कायक आणि दासोह ही तत्त्वे मांडली. कायक म्हणजे शरीरकष्टाने, सचोटीने केलेले काम, ज्याला त्यांनी कैलासाची योग्यता दिली. दासोह म्हणजे त्या कामातून आलेले स्वतःपुरते ठेवून बाकीचे इतरांच्या मुखी घालणे. ही दोन तत्त्वे एकमेकांवाचून अपुरी मानली गेली, हे महत्त्वाचे. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या जोडप्याची कथा लिंगायत घरांत सांगितली जाते. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्याचे कायक. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा लक्कम्माने, ही हाव आपल्या घरात कशाला, असे विचारून जास्तीचे तांदूळ होते तिथे परत टाकायला लावले. फलत्यागाचा उपदेश येथे कुठल्याही गुरूने केलेला नाही, तो चुलीपाशी बसलेल्या बायकोने केला आहे, आणि तो सगळे फळ सोडण्याचा नसून जास्तीचे परत करण्याचा आहे. दुसरी कथा हरळय्या या चर्मकार शरणाची. बसवण्णांनी आपल्या नमस्काराला दुप्पट नमस्काराने उत्तर दिले, या ऋणाच्या भावनेने हरळय्या आणि त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी आपापल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून त्यांना अर्पण केले, अशी ती आख्यायिका आहे. ज्या भागातल्या चपलेला 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, त्या भागात ही कथा केवळ पुराण म्हणून वाचता येत नाही. कोल्हापुरी चपलेचे घरही असेच चालते. कातडे कापणे, तळ ठोकणे पुरुषाकडे, तर वेण्या विणणे आणि नक्षीचे बारीक काम बहुधा घरातल्या बायकांकडे. जोडा घडतो दोघांच्या हातांनी, दुकानात नाव मात्र एकाचेच सांगितले जाते. हरळय्याच्या कथेने कल्याणम्माचे नाव राखले, एवढे तरी तिचे श्रेय मानले पाहिजे.

कायक आणि हौस यांची गाठ कशी पडते हे दिवाळीत पाडव्याच्या सुमारास कोल्हापूरच्या रस्त्यांवर दिसते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा पेला हाती देणारे शहर म्हणून कोल्हापूरची ओळख आहे, आणि या दुधामागे असलेला गवळी समाज मोठ्या प्रमाणावर लिंगायत परंपरेतला आहे. वर्षभर जिच्या दुधावर घर चालते ती म्हैस त्या दिवसांत घासूनपुसून काळी कुळकुळीत केलेली असते. शिंगे रंगवलेली, त्यांना मोरपिसे बांधलेली, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत पैंजण. पूजा झाल्यावर मालक मोटारसायकल सुरू करतो आणि म्हैस तिचा आवाज ओळखून गर्दीतून त्याच्या मागे धावते, खूण केली की मागच्या दोन पायांवर उभी राहते. ही शिकवण एका दिवसात होत नाही. घरातल्या सगळ्यांनी महिनोन्महिने जनावराशी बोलत, चुचकारत ती दिलेली असते. दुधाच्या हिशेबात तिचा काडीचा उपयोग नाही. समंतभद्रांच्या यादीला धरून कोणी तिला प्रमादचर्या म्हणेल, आणि जनावराच्या जिवाला होणारा त्रास पाहता त्या आक्षेपात तथ्य नाही असेही म्हणवत नाही. तरीही या उपद्व्यापात एक गोष्ट घडते, जी नुसत्या कायकाने घडत नाही: ज्या जिवाकडून वर्षभर घेतले, त्याच्याकडे एखादा दिवस घेण्याच्या नजरेने पाहिले जात नाही. लक्कम्माचे जास्तीचे तांदूळ ज्या वाटेने परत गेले, तीच ही वाट असावी.

दासोहाची कसोटी लावली तर सोबतीच्या हौसेतले खरे-खोटे बरेचसे निवडता येते. ज्या तालमीत वस्ताद वयाने थकला तरी मोबदल्याची अपेक्षा न धरता पोरांना डाव सांगत बसतो, तिथे अंगात आलेले जास्तीचे बळ परत केले जात आहे. ज्या मंडळाची वर्गणी फक्त आपल्याच आवाजाच्या भिंती उंच करण्यात जाते, तिथे ते साठवले जात आहे. मुलींसाठी हौद्याचा दरवाजा उघडण्याचा प्रश्नही याच कसोटीत येतो. ब्रह्मचर्याची आणि मारुतीची सबब सांगून तो दीर्घकाळ बंद ठेवण्यात आला; आता या जिल्ह्यातल्या मुली राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय कुस्तीत उतरू लागल्यावर ती सबब धर्माची कमी आणि मूर्च्छेची जास्त होती, हे उघड झाले आहे.

राहता राहिला समंतभद्रांचा मूळ आक्षेप. कुंभोजजवळच्या डोंगरावर, जिथल्या आश्रमाच्या संस्थापक मुनींचे नावही योगायोगाने समंतभद्रच होते, बाहुबलीची 28 फुटी संगमरवरी मूर्ती उभी आहे. अंगावर वेली चढेपर्यंत निश्चल राहिलेला हा तपस्वी एकान्तसाधनेचा परमादर्श मानला जातो. नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी रचलेल्या 'आदिपुराणा'त त्याची जी कथा येते तिच्यात मात्र तपाच्या आधी एक कुस्ती आहे. भरत आणि बाहुबली या भावांत राज्यावरून युद्ध पेटले तेव्हा सैन्यांची कत्तल टाळण्यासाठी मंत्र्यांनी दोघांनीच लढावे असे ठरवले: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली जिंकला, थोरल्या भावाला त्याने उचलून धरले, आणि जिंकलेल्या क्षणीच त्याला जिंकण्याचा वीट आला. तो वनात गेला, वर्षभर उभा राहिला, तरी केवलज्ञान, म्हणजे सर्व आवरणे गळून पडल्यावरचे पूर्ण ज्ञान, त्याला होईना, कारण आपल्यामुळे भावाला क्लेश झाले हे शल्य त्याच्या मनात रुतून बसले होते. इतक्या घोर तपाने न निघालेले ते शल्य निघाले ते भरताने स्वतः येऊन त्याचे पूजन केल्यावर. निष्प्रयोजन क्रियेला एवढा कडक निषेध सांगणाऱ्या परंपरेने आपल्या सर्वश्रेष्ठ एकान्तवासी साधकाची अखेरची गाठ सोडवण्याचे काम, ज्याच्याशी त्याने माती अंगाला लावून झोंबी घेतली होती, त्या भावाकडेच सोपवले आहे.